घड्याळजीच्या घराण्यातले रीळ

गळ फेकताच ज्याची फिरकी अंगठ्याखालून मोकळी सुटते आणि आमिषामागोमाग तंगुसाची दोरी उलगडत नेते, त्या बेटकास्टिंग रिळाचे कूळ घड्याळजीच्या घराण्यातले आहे, हे ते उघडून पाहिल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या लहानशा गावी, जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुठीच्या एका फेऱ्यास फिरकीला अनेक फेरे देणारे रीळ घडविले. पुढे त्याच राज्यातील फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी, जे स्वतःही घड्याळेच करीत, ती कला पूर्णत्वास नेली. स्वीडनमधील स्वेंगस्टा येथील अबू कंपनीदेखील 1921 साली निघाली ती घड्याळांचा कारखाना म्हणूनच, आणि तिच्या अँबॅसेडर रिळाचे झाकण काढले की ती पूर्वपीठिका चाकाचाकांतून प्रत्ययास येते.

या साऱ्या यंत्रात माझे मन जडले आहे ते पॉल नावाच्या एका चिमुकल्या तुकड्यावर. दोरी फिरकीवर एकाच जागी न साचता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी बसावी म्हणून फिरकीपुढे एक आडवा दांडा असतो, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन सर्पिल खाचा कोरलेल्या असतात, आणि हा पॉल आपले निमुळते अग्र त्या खाचेत रोवून दोरीची कडी उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे नेत राहतो. या युक्तीचे पेटंट 1897 साली कॅलामझूच्या धाकट्या विल्यम शेक्सपिअरने घेतले. खाच लांब असल्याने तिची झीज सर्वत्र विभागली जाते. परंतु त्या साऱ्या लांबीचे घर्षण सोसावे लागते ते पॉलच्या एकाच अग्राला, आणि म्हणून दांडा शाबूत असतानाच पॉल झिजून पातळ होतो, कडी टोकाशी जाऊन अडखळते किंवा तेथेच थबकते. मोठ्याचे रक्षण व्हावे म्हणून लहानाने आधी झिजावे, अशी ही तजवीज आहे, आणि तीत मला रचनाकाराची दूरदृष्टी दिसते.

बदलण्याचे काम मात्र अवघड नाही. कडीच्या तळाशी असलेली टोपी फिरवून काढावी, जुना पॉल चिमट्याने उचलावा, खाचेतील काळवंडलेले वंगण पुसून नव्याचा लेप द्यावा, नवा पॉल बसवावा, आणि टोपी आवळताना मूठ हळूहळू फिरवीत राहावी, म्हणजे अग्र आपली खाच आपणच शोधून घेते. खरी सावधगिरी हवी ती त्याआधी. एकाच नावाच्या रिळात कारखानदारांनी कालांतराने आतून फेरफार केलेले असतात. यास्तव रिळाच्या पायावर कोरलेला क्रमांक आणि आराखड्यातील भागांची यादी यांचा मेळ बरहुकूम बसल्याखेरीज एक वायसरही मागवू नये. केसाएवढ्या स्प्रिंगा आणि लहान लॉक बोट निसटताच उडून जातात, त्यांच्यासाठी खाली पांढरे कापड पसरावे. ते फार उपयोगी पडते.

मुक्त फिरकी दोरीहून वेगाने धावली की गुंता होतो, आणि तो टाळण्यासाठी फिरकीच्या कडेला बारीक ब्रेकचे ठोकळे असतात, जे वेगासरशी बाहेर सरकून भोवतालच्या कड्यावर घासतात. तेही झिजतात, तेही सहज बदलता येतात. ज्या कारखान्यातून असे किरकोळ भाग वर्षानुवर्षे मिळत राहतात, त्याने ग्राहकाशी केलेला करार खऱ्या अर्थाने पाळला, असे मी मानतो. नवे रीळ काढणे हे त्यापुढे सोपे काम आहे.

ज्यांच्या घरी असे जुने रीळ असेल त्यांना एवढीच विनंती की, पावसाळा संपताच त्याचा पॉल काढून उजेडात धरावा, आणि त्याचे अग्र पात्यासारखे धारदार झालेले दिसल्यास, ते खाचेच्या भिंती कोरू लागण्यापूर्वीच नवा बसवून घ्यावा.