संगणकाला विचारायचा प्रश्न

माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी आपापल्या व्यवसायाविषयी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. मी गेली काही वर्षे पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचे काम करतो. ‘म्हणजे नेमके काय करतोस?’ असे गावाकडची वडीलधारी मंडळी आजही विचारतात. एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून या कामातील एकच भाग येथे सविस्तर सांगतो.

संगणकाच्या प्रोसेसरला ठरावीक सूचनाच कळतात. ही संख्या उचल, त्या संख्येत मिळव, उत्तर तिकडे ठेव, अशा त्या सूचना. त्यांच्या संपूर्ण यादीला सूचना-संच म्हणतात. आपण लिहिलेला प्रोग्राम या सूचनांमध्ये उतरवण्याचे काम कंपायलर करतो. ही यादी काळाबरोबर वाढत गेली आहे. आज घराघरांत दिसणाऱ्या बहुतेक संगणकांतील ६४ बिटी प्रोसेसरांचे घराणे २००३ साली बाजारात आले. त्या सर्वांत एसएसई-२ हा संच असतोच. त्यातील एक सूचना चार दशांश संख्यांवर एकाच वेळी क्रिया करते. २०११ मध्ये आलेल्या एव्हीएक्स संचाने चाराचे आठ केले, २०१३ च्या एव्हीएक्स-२ ने पूर्णांकांनाही ही सोय दिली आणि पुढे एव्हीएक्स-५१२ ने आठाचे सोळा केले. वसतिगृहाच्या पंगतीत एका फेरीत चार ताटे वाढणारा आणि सोळा ताटे वाढणारा, असा हा फरक आहे.

या प्रगतीची दुसरी बाजू मी एका तालुक्याच्या गावी पाहिली. डोळे तपासणाऱ्या एका सेवाभावी केंद्रासाठी आम्ही डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे अधिक स्पष्ट करणारा प्रोग्राम तयार केला होता. केंद्रातील संगणक देणगीतून मिळालेला, जुना होता. त्यावर प्रोग्राम सुरू होताच बंद पडला आणि पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच शब्द उमटले. बाहेर बाकावर डोळ्यांत थेंब घालून बसलेले रुग्ण वाट पाहत होते. शोध घेतल्यावर कारण सापडले. चित्रांवर प्रक्रिया करणारा जो तयार भाग आम्ही बाहेरून घेतला होता, तो त्याच्या निर्मात्यांनी केवळ एव्हीएक्स-२ असलेल्या प्रोसेसरांसाठी कंपाइल केला होता. अनोळखी सूचना समोर आली की प्रोसेसर अंदाज बांधत नाही. तो तेथेच थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्राम बंद करते.

केंद्राने नवा संगणक घ्यावा, असे काहींनी सुचवले. तेवढे पैसे केंद्राकडे असते, तर देणगीचा संगणक तेथे आलाच नसता. सारा प्रोग्राम जुन्यात जुन्या प्रोसेसरला झेपेल असाच बांधावा, हा दुसरा पर्याय होता. मग मोठ्या रुग्णालयातील नवा संगणकही आपली निम्म्याहून अधिक शक्ती न वापरता बसला असता. आम्ही तिसरा मार्ग घेतला.

जीसीसी या कंपायलरमध्ये २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘टार्गेट क्लोन्स’ नावाची सोय आहे. फंक्शन एकदाच लिहायचे आणि त्याच्या माथ्यावर एका ओळीत कोणकोणत्या सूचना-संचांसाठी प्रती हव्यात ते सांगायचे. कंपायलर त्या प्रती तयार करतो, कोणालाही चालेल अशी एक साधी प्रत ठेवतो आणि सोबत निवड करणारे एक छोटे फंक्शनही जोडतो. लिनक्सवर प्रोग्राम स्मृतीत चढत असताना हे निवडफंक्शन एकदाच चालते. सीपीयूआयडी या सूचनेद्वारे ते प्रोसेसरला विचारते, ‘तुला काय काय येते?’ उत्तरानुसार योग्य प्रतीचा पत्ता एका तक्त्यात नोंदवला जातो. त्यानंतरची प्रत्येक हाक थेट त्या पत्त्यावर जाते. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे लिनक्समधील रोजचे कामही याच पद्धतीने निवडलेल्या फंक्शनकडून होते. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थात ही सोय सरसकट वापरायची नसते. प्रत्येक प्रतीबरोबर फाइल फुगते. शिवाय फंक्शन अगदी लहान असेल, तर तक्त्यातून जाण्याचा खर्चच मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त ठरतो. म्हणून जेथे खरोखर वेळ जातो, अशी मोजकीच फंक्शने आम्ही निवडली. दुसरी काळजी उत्तरांची. नव्या संचांत गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते व उत्तर दोनदा पूर्णांकित न होता एकदाच होते. त्यामुळे शेवटच्या दशांश स्थळी फरक पडू शकतो. तो किती चालेल, हे ठरवून सर्व प्रतींची एकच परीक्षा घ्यावी लागते. साधी प्रत तर आमच्या नव्या संगणकांवर कधी आपणहून चालतच नाही. म्हणून कार्यालयात एक जुना संगणक मुद्दाम ठेवला आहे आणि प्रत्येक बदलानंतर तो प्रोग्राम त्यावर चालवून पाहिला जातो. केंद्रातील संगणकाला आज एका छायाचित्रासाठी काही सेकंद अधिक लागतात; पण काम होते.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवड करताना विचारायचा प्रश्न. प्रोसेसर आपल्या क्षमतांबरोबर उत्पादकाचे नावही सांगतो. एके काळी इंटेलच्या कंपायलरने बांधलेले प्रोग्राम हे नाव पाहत आणि ते इंटेलचे नसेल, तर अंगी क्षमता असूनही त्या प्रोसेसरला अनेकदा संथ वाटेवर पाठवत. डेन्मार्कचे तज्ज्ञ ॲग्नर फॉग यांनी याची सविस्तर नोंद केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये इंटेलविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीत हाही मुद्दा होता, आणि २०१० च्या तडजोडीनुसार कंपनीला ग्राहकांना याची स्पष्ट कल्पना देणे भाग पडले. आधी आडनाव विचारून मग योग्यता ठरवण्याची रीत आपल्या वाचकांना नवी नाही. ती यंत्रातही उतरवता येते, हे मला ही हकीकत वाचताना कळले.

वयावरून अंदाज बांधणेही तितकेच चुकीचे ठरते. एव्हीएक्स-२ आल्यावर कितीतरी वर्षांनी विकल्या गेलेल्या स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरांतही तो संच नव्हता. यंत्र नवे म्हणून त्याला सारे येत असेल, असे धरून चालता येत नाही. प्रत्येक सूचना-संचाचे नाव घेऊन स्वतंत्रपणे विचारावे लागते.

शाळेतील आजच्या विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवतो. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. येणाऱ्या यादीत वरच्या भागात उत्पादकाचे नाव दिसेल आणि खाली ‘फ्लॅग्ज’ या शब्दापुढे समोरच्या यंत्राला येणाऱ्या गोष्टींची लांबलचक ओळ दिसेल. नाव वाचायला हरकत नाही. निर्णय मात्र त्या खालच्या ओळीवरून करावा.