मोरजीचा किनारा आणि तेथली बोली

म्हापशाहून शिवोलीमार्गे निघाले म्हणजे शापोरा नदी आडवी येते. सह्याद्रीतील तिळारी ती हीच. पूर्वी पलीकडे चोपड्यास जावयाचे तर फेरीबोटीची वाट पाहत तिष्ठावे लागे. आता पूल झाला आहे. पूल उतरून डावीकडे वळले की माडांच्या सावलीतून रस्ता नदीमुखाशी पोहोचतो. तेच पेडणे तालुक्यातील मोरजी. समोरच्या तीरावर 1717 साली बांधलेला शापोऱ्याचा किल्ला दिसतो.

गावाच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत शेवटी 'म' असतो, आणि परगावचा पाहुणा 'मोरजिम' म्हणून मोकळा होतो. गावात असे कोणी म्हणत नाही. पोर्तुगीज लेखनातील हा अखेरचा 'म' केवळ अनुस्वाराचे काम करतो. पणजी, मांद्रे ह्यांच्या शेपटीलाही तो असाच चिकटला आहे. आपल्या वसईला ते 'बासाईं' म्हणत व तोच 'म' लावीत, हे वाचकांस ठाऊक असेलच.

मात्र वसईत पोर्तुगीज 1534 साली आले नि 1739 मध्ये गेले. पेडणे त्यांना सावंतवाडीकरांकडून मिळाले ते 1788 मध्ये. बारदेश व सासष्टी ख्रिस्ती झाली तो काळ तोवर सरला होता. म्हणून येथे मोरजाई हीच ग्रामदेवता राहिली, आणि ख्रिस्ती घरे शिवोलीच्या मानाने थोडी. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले ते मराठीत. आज ह्या भागात मराठी वाचली जाते ती बहुधा हिंदू घरांत, आणि ख्रिस्ती घरातील प्रार्थनेचे पुस्तक रोमन लिपीतील कोंकणीत असते. आम्हांला ह्याची मोठी गंमत वाटली.

बोलण्यात मात्र दोन्ही घरे शेजारी आहेत. नदीच्या दक्षिणेस 'म्हाका' म्हणतात, तर इकडे कित्येकांच्या तोंडी मालवणीसारखे 'माका' येते. "खंयसून इलात?" असे एका वृद्ध रापणकाराने विचारले तेव्हा आम्हांला क्षणभर सावंतवाडीतच असल्यासारखे वाटले. खिडकी म्हणजे जनेल, खुर्ची म्हणजे कदेल, पाव भाजणारा तो पोदेर. ऐकून हसू येते. पण आपली चावी, आपला पगार, आपला हापूस हेही त्याच गलबतांतून उतरलेले!

आपल्याकडील कोळी डोल लावतात. येथे रापण ओढतात. लांबच लांब जाळे होडीतून समुद्रात सोडावयाचे आणि दोन्ही टोके धरून माणसांच्या रांगांनी ते वाळूवर खेचावयाचे. तारले, बांगडे जे लागेल त्याचे वाटे होतात.

नदीमुखाजवळच्या तेंब ह्या भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, व वाळूने झाकून निघून जातात. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून खाल्ली व विकली जात. ते सांगताना म्हाताऱ्याने मान खाली घातली नाही, कारण तेव्हा ते मासळीइतकेच साधे अन्न होते. गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनखात्याने गावकऱ्यांनाच राखणदार नेमले. अंडी काढणारे हात आता ती राखू लागले.

परंतु नवे संकट दिव्यांचे आहे. पिल्ले बाहेर पडली की क्षितिजावरील उजेडाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावरील खाणावळी रात्रभर झगमगल्या तर ती उलट दिशेस भरकटतात. मध्यंतरी रशियन प्रवासी इतके आले की दुकानांच्या पाट्यांवर त्यांची अक्षरे उमटली. जानेवारी 2023 पासून ह्याच तालुक्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली आहेत. येणाऱ्यास भाकर मिळते हे खरे. पण रापण ओढावयास मोकळी वाळू कोठे उरणार, असे म्हाताऱ्याने विचारले, आणि आम्हांपाशी उत्तर नव्हते.

एका घरट्याभोवती जाळीचे कुंपण होते व अंडी घातल्याची तारीख पाटीवर लिहिली होती. तीत पन्नास दिवस मिळवून तो बोटांवर मोजू लागला.