सुताराची कंबर

कोकणातल्या सुतारांच्या घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला शिमगा सरला की पुढचे दिवस कसे जाणार, हे ठाऊक असायचं. मृगाच्या आत गावातली छपरं पुरी व्हायला हवीत, म्हणून आजोबा, बाबा, काका सगळेच पहाटे कामावर. शाळेला सुट्टी लागली की आम्ही पोरं त्यांच्या मागे. खाली उभं राहून हत्यारं वर द्यायची, पडलेले खिळे वेचायचे, वाकडे झालेले दगडावर ठोकून सरळ करायचे. आमची सुतारकी तिथून सुरू झाली.

आजोबांच्या पिढीला कमरेला फारसं काही बांधावं लागत नसे. त्यांची घरं साल-कुसावर उभी राहत. तुळईत साल पाडायची, खांबाच्या टोकाला कूस काढायची, दोन्ही बसवून आरपार भोकातून लाकडी खुंटी मारायची. वाकस, पटाशी, सामता, करवत, रंधा, गुण्या, ओळंबा अशी सगळी हत्यारं गोणपाटाच्या पिशवीत असत. बरंचसं काम अंगणातच होई. सांधे जमिनीवर जुळवून बघायचे, त्यांवर खुणा करायच्या आणि मग लाकडं वर चढवायची. वर जाणाऱ्या माणसाच्या हातात मोगर असला की भागायचं.

मंगळुरी कौलांनी ही रीत बदलली. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे समुद्रमार्गाने ही कौलं किनाऱ्यावरच्या गावांत पोचली. मंगळुरी कौल रिपेला अडकून बसतं, त्यामुळे रिपा एका ओळीत आणि सारख्या अंतरावर लागतात. एखादी रीप दोन सूत जरी सरकली तरी वरच्या कौलांची ओळ बिघडते आणि पावसात तिथून पाणी शिरतं. प्रत्येक रीप प्रत्येक वाशावर ठोकायची म्हणजे एका पाख्यालाच शेकडो खिळे. रिपांना दोन-अडीच इंची, वासे आढ्याला बसवायला चार-पाच इंची. एवढे खिळे घेऊन उतरत्या वाशांवर तोल सांभाळायचा, म्हणून सुताराच्या कमरेला पिशवी आली.

त्याआधी खिळे तोंडात धरायची पद्धत होती. ओठांत खिळे घेऊन बाबा ठोकत बसले की आजी खालून ओरडायची, ‘‘अरे, बोलू नकोस, गिळशील!’’ कुणी पंच्याची ओटी करून त्यात खिळे घेई, पण वाकलं की ओटी सांडे. शेवटी घरातल्या बायकांनीच तोड काढली. आई, काकी, आत्या जुन्या खाकी विजारीचं किंवा ताडपत्रीचं कापड दुहेरी घेऊन पिशव्या शिवायच्या. एका कप्प्यात मोठे खिळे, दुसऱ्यात बारीक. टोकं कापड फाडतात म्हणून बुडाला तिसरी घडी. बाजूला हातोडीच्या दांड्यापुरता कापडाचा फास. बाबा डावखुरे असतील तर फास डावीकडे. शिवणाऱ्या हातांना ज्याच्यासाठी शिवायचं त्याचं काम माहीत होतं, म्हणून त्या पिशवीत उणं काही नसायचं.

तिच्या वापरालाही शिस्त होती. पट्टा पोटावर आवळायचा नाही, कमरेच्या हाडांवर टेकवायचा, म्हणजे दिवसभर वाकूनही श्वास कोंडत नाही. वजन दोन्ही बाजूंना वाटायचं, नाहीतर संध्याकाळी एकच कुल्ला भरून येतो. पाठीमागे काही ठेवायचं नाही, कारण आढ्यावर बसताना तेच टोचतं आणि पडलं तर तेच मणक्यात घुसतं. पटाशीसारखी धारेची हत्यारं कमरेला कधीच नाहीत, ती दोरीने टोपलीतून वर ओढायची. एका वेळी लागतील तेवढेच खिळे घ्यायचे, संपले की पोरांना हाक मारायची. खंडेनवमीला वाकस-पटाशीच्या ओळीत ही पिशवीही मांडली जाई आणि तिलाही हळदकुंकू लागे.

आता आमच्या घरांतली मुलं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतात, पत्र्याच्या शेड उभारतात, फॉल्स सीलिंगचे सांगाडे बांधतात. पट्टे बाजारात तयार मिळतात, चामड्याचे आणि नायलॉनचेही. पण निवड जुन्याच कसोट्यांवर करायला हवी. चामडं खिळ्यांना टिकतं, मात्र घामापावसात भिजून तसंच वाळलं की कडक होतं, म्हणून त्याला अधूनमधून तेल लागतं. नायलॉन हलकं आणि लवकर वाळणारं, पण शिवण कच्ची असेल तर आधी कोपरे उसवतात. पट्टा रुंद हवा, अरुंद पट्टा हाडाला काचतो. खिसे डझनभर असण्यापेक्षा न बघता हात जाईल असे चार बरे. वजन जास्त असेल तर खांद्यावरून येणारे पट्टे जोडावेत. आणि हत्यारांचा पट्टा माणसाला पडण्यापासून वाचवत नाही. उंचीवर अंगभर हार्नेस वेगळा घालायचा आणि तो भक्कम आधाराला अडकवायचा. आमच्या वडिलांकडे तो नव्हता. छपरावरून पडून कायमचे घरी बसलेले सुतार आम्ही सगळ्यांनीच पाहिले आहेत.

त्या पिशव्या शिवणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच घराच्या बांधकामात निघत नाही. निघायला हवं. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी या कामाला लागत असेल, तर पहिला पट्टा तुम्ही घेऊन द्या. फक्त फोटो पाहून मागवू नका. दुकानात सोबत न्या, कप्प्यांत खिळे भरा, हातोडी अडकवा, पट्टा बांधून वाकायला आणि उकिडवं बसायला सांगा. काही टोचलं, घसरलं किंवा सांडलं, तर दुसरा बघा.