माशीमाराची पाठ

पक्ष्यांच्या पुस्तकात निळ्या माशीमारांचं पान उघडावं, तर नर छाती काढून समोर बसलेला आणि मादी कुठेतरी मागे, फिकी. चित्रकाराची ही आवड मला पटत नाही. एडवर्ड ब्लाइथने 1843 मध्ये नाव दिलेल्या सायऑर्निस या प्रजातीतल्या (जीनसमधल्या) तीन जाती महाराष्ट्रात भेटतात. नरांची ओळख गळ्यावर ठरते: टिकेलच्या माशीमाराचा गळा नारिंगी, निळ्या गळ्याच्या माशीमाराचा नावाप्रमाणे निळा, पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची छातीही निळीच. पण हा पक्षी गर्द सावलीत बसतो, आणि पाठमोरा असला की तिन्ही नर सारखेच निळे. त्या निळाईवरही फार विसंबू नये. पिसांत निळा रंग मुळी नसतोच. केराटिनमधल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांवरून निळा प्रकाश उलटून येतो आणि खालचं काळं मेलॅनिन उरलेला गिळून टाकतं. पीस उजेडासमोर आडवं धरून पाहिलं, तर ते मळकट तपकिरी दिसतं. म्हणजे ज्या खुणेवर आपण जात ठरवतो, ती निम्मी उन्हाची देणगी. माद्यांचं तसं नाही. टिकेलच्या मादीची पाठ निळसर राखी. निळ्या गळ्यावालीची तपकिरी. पांढऱ्या पोटावालीचं डोकं राखी आणि शेपटी तांबूस. पाठमोरी असली तरी ती आपली जात सांगून जाते.

कुणी म्हणेल, तपकिरी मादी इतर माशीमारांतही खपून जाते. खरं आहे. ईशान्येकडे, जिथे या प्रजातीच्या आणखी जाती एकाच रानात राहतात, तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो, हेही कबूल. पण मराठवाड्यातल्या बेंबळीसारख्या कोरडवाहू गावात भूगोलच निम्मं काम करतो. पांढऱ्या पोटाचा माशीमार सह्याद्री सोडून इकडे येत नाही. निळ्या गळ्याचा हिमालयात वीण करतो. दख्खनात दिसलाच तर थंडीच्या पाहुण्यासारखा. बारमाही मुक्काम टिकेलचाच, तोही सोयाबीन-तुरीच्या उघड्या रानात नव्हे. ओढ्याकाठची दाटी, जुनी आमराई, येडशीच्या रामलिंग घाटासारखी झाडीची घळ, अशाच जागी त्याला शोधावं. कॅमेरा सगळं सोडवतो म्हणणाऱ्यांनी सावलीतला निळा पक्षी एकदा फोटोत मोठा करून पाहावा. तेव्हा यादीत नुसतं ‘निळा माशीमार, नर’ लिहून थांबू नका. सोबत मादी असेल तर आधी तिची पाठ आणि शेपटी लिहा.