कट्ट, टंग आणि आमची गाडी

मुलांनो, तुमच्या मराठीच्या पुस्तकात ध्वनिदर्शक शब्द असतात ना? पानांची सळसळ, विजांचा कडकडाट, घंटेचा घणघणाट, नाण्यांचा छनछनाट. परीक्षेत जोड्या लावायच्या, दोन गुण मिळवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. याच शब्दांनी एका मोटारीचं दुखणं बरं व्हायला मदत झाली, असं सांगितलं तर खरं वाटेल? ऐका तर मग.

आम्ही वाईला राहतो. माझी प्राथमिक शाळा आहे पसरणीचा घाट चढून गेल्यावर, पाचगणीच्या पलीकडच्या एका लहानशा गावात. दोन वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढून एक उंच, दणकट गाडी घेतली. हल्ली सगळे तिला एसयूव्ही म्हणतात. गाडी मीच चालवते. पुढे एक सर, मागे दोन बाई, असे आम्ही चौघं रोज घाट चढतो आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेतो. पसरणीचा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी. पाहुणे ते बघून "अहाहा!" करतात. गाडी चालवणाऱ्याचे डोळे मात्र वळणावर असतात.

गाडीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा स्टिअरिंग वळवताना आवाज यायला लागला. आता असं पाहा, खिडकीची काच वाजली तर वाजू दे म्हणता येतं. पण स्टिअरिंग वाजलं की पोटात गोळा येतो. घाटात आपला जीव त्याच्याच भरवशावर असतो ना! सासूबाईंनी तर सांगूनच टाकलं, "वाजतंय तोवर मी काही त्या गाडीत बसायची नाही." मागच्या सीटवरच्या बाईही वळण आलं की बोलायच्या थांबायच्या.

सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी. जाऊन-येऊन 70 किलोमीटर आणि अर्धी रजा. पहिल्या खेपेला त्यांनी जॉब कार्डावर लिहिलं, 'स्टिअरिंगमधून आवाज'. खाली कुठेतरी ग्रीस लावलं. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा आवाज. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच वाक्य, पुन्हा ग्रीस, शिवाय दोन नट आवळले. पंधरा दिवसांत आवाज परत हजर! तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर एकही चूक दिसली नाही. दिसणार कशी? कॉम्प्युटर विजेच्या तारा, मोटर, सेन्सर तपासतो. लोखंडावर लोखंड कुरकुरलं तर ते ऐकायला त्याला कान कुठे असतात? माणसाने गाडी गावातून फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, आवाज येतच नाही. तुम्हाला भास होत असेल. एकदा साहेबांना घेऊन या ना." आमचे साहेब त्या गाडीला महिन्यातून एकदा हात लावतात. मी नमस्कार करून निघाले. पण राग आला होता, हे लपवत नाही. चार माणसांना रोज ऐकू येणाऱ्या आवाजाला भास कसं म्हणायचं?

नेमका त्याच आठवड्यात चौथीच्या वर्गात ध्वनिदर्शक शब्दांचा धडा निघाला. मी मुलांना म्हटलं, "आपल्या गाडीच्या आवाजाला शब्द शोधा बरं!" मधल्या सुट्टीत गाडी मैदानावर उभी केली, हँडब्रेक ओढला. मुलांना चांगलं दहा पावलं लांब, चारही बाजूंना उभं केलं. डोळे मिटायचे आणि आवाज आला की त्या दिशेला बोट दाखवायचं. मी जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवलं. डोळे उघडले तर काय! जवळजवळ सगळी बोटं स्टिअरिंगकडे नव्हतीच, ती डाव्या पुढच्या चाकाच्या वरच्या भागाकडे होती. मुलांनी शब्दही दिला, 'टंग'. एक मुलगी म्हणाली, "बाई, गादीची स्प्रिंग सुटल्यासारखं वाजतंय."

पण पुढच्या सीटवरचे सर म्हणाले, "अहो, घाटात खड्ड्यावरून वळताना येतो तो 'टंग' नाही. तो 'कट्ट' आहे, आणि तो तुमच्या पायाशी येतो." सरांचं म्हणणं पटलं. 'कट्ट' हाताला जाणवायचा, स्टिअरिंग पकडलेल्या बोटांना बारीक झटका बसायचा. 'टंग' हाताला लागत नव्हता, नुसता ऐकू यायचा. म्हणजे आवाज एक नव्हताच, दोन होते!

मग वर्गात एक वही टांगली. तारीख, वेळ, थंडी की ऊन, गाडी उभी की चालती, वळण कुठलं, आवाज कोणता. आम्ही चौघं सांगायचो, मुलं लिहायची. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. 'टंग' बहुतेक सकाळी, गाडी रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर, पूर्ण वळवताना. घाट चढून गाडी तापली की गप्प. 'कट्ट' कधीही, पण खड्डा आणि वळण एकत्र आलं की हमखास. आता कळलं, सर्व्हिस सेंटरच्या माणसाला आवाज का येत नव्हता. 35 किलोमीटर चालून आलेली तापलेली गाडी तो गुळगुळीत रस्त्यावरून फिरवत होता.

आता गाडीच्या आत काय असतं ते थोडक्यात सांगते. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की खाली एक दांडा फिरतो. हा दांडा सरळ नसतो, मध्ये त्याला गुडघ्यासारखे सांधे असतात. त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं. ते एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं आणि पट्टी दोन्ही चाकांना वळवते. आमच्या गाडीत हात हलका व्हावा म्हणून विजेची मोटर मदत करते. जुन्या गाड्यांत हेच काम तेलाच्या दाबाने व्हायचं. पुढच्या चाकांवर शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती जाड स्प्रिंग असते. चाक वळलं की ही स्प्रिंगही त्याच्याबरोबर वळते. तिला सहज वळता यावं म्हणून वरच्या टोकाला एक चपटं बेअरिंग असतं. ते अडकलं तर स्प्रिंग पिळली जाते, पिळली जाते आणि एकदम सुटते. टंग!

मग आवाज स्टिअरिंगमधून आल्यासारखा का वाटायचा? हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादातून सुमारे 5000 मीटर. लोखंडी सांगाडा आवाज कुठून कुठे नेऊन सोडील, नेम नाही. तुम्हीही करून पाहा. शाळेच्या लांब लोखंडी कठड्याला एकाने कान लावायचा आणि दुसऱ्याने लांबच्या टोकाला नखाने टिचकी मारायची. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. आमच्या गावातला जुना मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतो, तेही तसंच.

चौथ्या खेपेला मी वहीतली पानं नीट उतरवून नेली. या वेळी ती एका वयस्क फिटरच्या हाती पडली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, गाडी आज इथेच ठेवा. सकाळी थंड असतानाच बघू." मी एस.टी.ने परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मदतनिसाला स्टिअरिंग वळवायला सांगितलं आणि स्वतः डाव्या स्प्रिंगवर हात ठेवला. (हे काम मिस्त्रीचं हं, तुम्ही कधी करायचं नाही!) स्प्रिंग हाताखाली उडी मारत होती. वरच्या बेअरिंगमध्ये चिखल जाऊन गंज धरला होता. 'कट्ट'चं मूळ निराळं निघालं. स्टिअरिंगखालच्या दांड्याचा सांधा झिजला होता. ग्रीस त्याला तीन आठवडे गप्प बसवायचं, बरं करत नव्हतं.

दोन्ही बाजूंची बेअरिंगं नवी बसवली, दांडाही बदलला. स्प्रिंग खोलल्यामुळे चाकांचा कोन पुन्हा जुळवून घेतला. गाडी वॉरंटीत होती म्हणून पैसे लागले नाहीत. सांधा आणखी झिजला असता तर काय झालं असतं, हे मी फिटरना विचारलं. ते म्हणाले, "स्टिअरिंगमध्ये ढिलाई आली असती. घाटात ती बरी नाही." एवढंच बोलले, पण मला पुरेसं होतं. जॉब कार्डावर त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, '1) टंग, 2) कट्ट'. त्याची झेरॉक्स वर्गात लावली, तेव्हा मुलांची काय ऐट!

या गोष्टीला पाच महिने झाले. सासूबाई गाडीत बसून महाबळेश्वरला जाऊन आल्या. वही मात्र अजून वर्गातच टांगलेली आहे. पावसाळ्यात रात्रभर भिजलेल्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक 'खर्र' करायचा. मुलांनी दोनच दिवसांत छडा लावला. ब्रेकच्या तबकडीवर रात्रीत चढलेला गंज तो, दोन-तीनदा ब्रेक दाबला की निघून जातो. सध्या वहीत गाडी नाहीच. शाळेपुढचा हातपंप सकाळी 'कुंई' आणि दुपारी 'खडक' वाजतो, अशी नोंद आहे. दोन आवाज, दोन वेगळ्या वेळा. ग्रामपंचायतीचा मिस्त्री सोमवारी येणार आहे. मुलांनी त्याच्यासाठी पान लिहून तयार ठेवलंय.