पेन्सिलीच्या रेघेएवढे व्होल्ट

मालवणात २००५ च्या आसपास दिवेलागणीची वेळ झाली की घराघरातलं व्होल्टेज बसायचं. ट्यूब फडफडायची पण लागायची नाही, पंखा नावापुरता फिरायचा आणि टीव्हीखालचा स्टॅबिलायझर टकटक करत राहायचा. भारनियमनाचे तास वेगळेच. अशा गावात आम्ही काही पोरं निराळ्याच व्होल्टेजच्या मागे लागलो होतो. ग्राफिक्स कार्डाच्या गाभ्याला मिळणारे दीडेक व्होल्ट आणखी एक-दोन दशांशाने वाढवायचे, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त पळेल. या उद्योगाचं नाव होतं व्होल्टमॉड.

तेव्हा मुळात कार्ड मिळवणं हेच मोठं काम होतं. मालवण-कुडाळला तयार कॉम्प्युटर मिळायचा, पण चांगलं कार्ड हवं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागे. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला आधीपासून फोन करून ठेवायचा. मग रात्रीच्या लक्झरीतून, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून, खोका घरी यायचा. ऑगस्ट २००४ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स ६६०० जीटी जाहीर झालं होतं: १४.६ कोटी ट्रान्झिस्टर, ५०० मेगाहर्ट्झचा गाभा. आमची सगळ्यांची नजर त्याच्यावर, पण हाती पडायचं ते त्याच्या खालचं किंवा आधीच्या पिढीचं. घरच्यांकडे पुन्हा पैसे मागण्याची सोय नव्हती. त्यामुळे खालच्या कार्डाला वरच्याच्या जवळ नेणं, एवढाच रस्ता उरायचा.

त्या कार्डांवर हात पोचायचा, ही त्या काळाची खरी श्रीमंती. पंखा आणि हीटसिंक काढलं की पॉवरचा भाग डोळ्यांसमोर उघडा पडे: दोन-तीन मॉस्फेट, कॉइल, कपॅसिटर आणि बाजूला पायांची छोटी कंट्रोलर आयसी. ही आयसी गाभ्याला जाणाऱ्या व्होल्टेजचा एक हिस्सा फीडबॅकच्या पायावर सतत तपासते आणि तो आपल्या आतल्या ठरावीक व्होल्टेजशी जुळवून घेते. त्या पायापासून ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा. त्याच्यावर मऊ शिशाची पेन्सिल दोन-चार वेळा फिरवायची. ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे रेझिस्टरला बाजूने आणखी एक वाट मिळते. माडाच्या बागेत पाटाला मध्येच छोटी फूट पडली की शेवटच्या आळ्यात पाणी कमी दिसतं आणि पाणी सोडणारा वरचा बांध जास्त उघडतो, तसंच ते. आयसीला वाटे व्होल्टेज कमी पडतंय, आणि ती ते वाढवी.

पेन्सिल पुरेनाशी झाली की प्रीसेट. सोन्यासारखा पिवळा स्क्रू असलेला मल्टीटर्न प्रीसेट आणायचा, मूळ रेझिस्टन्सच्या वीसेक पट मोठा. आधी तो पुरता वर चढवून ठेवायचा, मग दोन बारीक तारांनी आयसीचा पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये सोल्डर मारायचा. मशीन चालू करून मीटरची एक पिन कपॅसिटरच्या पायावर ठेवायची आणि स्क्रू अगदी सावकाश फिरवायचा. मीटरवर १.४१, १.४३, १.४६ असे आकडे सरकत. त्या क्षणी श्वास रोखून बसलेली चार डोकी मला अजून दिसतात. बाजारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आम्हाला सोल्डर शिकवायचे. त्यांचं एकच सांगणं असे: "झिला, आधी मीटर लाव, मगे हात लाव."

त्या वाक्यात सगळी विद्या होती. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.४ चे १.६ केले की वेग तोच ठेवला तरी उष्णता ३० टक्क्यांनी चढते. म्हणून प्रोसेसरचे जुने हीटसिंक कापून कार्डावर बसवायचे, मेमरीच्या चिपांवर ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटवायचे. त्यात आमची खारी हवा. कार्डाचे सोनेरी दात महिन्या-दोन महिन्यांनी खोडरबराने पुसावे लागत, आणि पावसाळ्यात पेन्सिलीची रेघ सरकते का ते पुन्हा मीटर लावून पाहावं लागे.

बदलाची सुरुवात सॉफ्टवेअरने केली. रशियाच्या अलेक्सेई निकोलायचुकचं रिव्हाट्यूनर आम्ही वेग वाढवायला वापरायचो. त्याच घराण्यातलं आफ्टरबर्नर २००९ च्या सुमारास आलं, आणि ज्या कार्डांचा कंट्रोलर सॉफ्टवेअरचं ऐकत होता त्यांचं व्होल्टेज माऊसने हलू लागलं. मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आलं. वेग आणि व्होल्टेज किती ते कार्ड स्वतःच क्षणाक्षणाला ठरवू लागलं. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या बंधनांमुळे ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीला आपल्या जीटीएक्स ६८० क्लासिफाइडवरची, बाहेरून व्होल्टेज वाढवू देणारी ईव्हीबॉटची सोय काढून टाकावी लागली. २०१६ च्या पिढीपासून कंपनीच्या डिजिटल सहीशिवायचं बायोस कार्ड स्वीकारेनासं झालं.

आता खोका कुरिअरने थेट दारात येतो. तौक्तेसारखं वादळ आलं की अजूनही दिवसच्या दिवस अंधार होतो, पण एरवी संध्याकाळची ट्यूब फडफडत नाही. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि ते ४५० वॅट घेतं. गाभ्याला व्होल्ट जेमतेम एक, पण करंट काहीशे अँपिअर. तिथे पेन्सिल घेऊन जाण्याचं कारणच उरलेलं नाही. मोजके कसबी लोक आज करतात ते शंट मॉड. करंट मोजणाऱ्या पाच मिलिओहमच्या रेझिस्टरवर तेवढाच दुसरा चढवायचा, म्हणजे कार्डाला आपण निम्मीच वीज घेतोय असं वाटतं. बाकीची पोरं उलट्या दिशेने निघाली आहेत. ०.९ व्होल्टच्या आसपास कार्ड बांधून जवळपास तोच वेग, कमी उष्णता आणि कमी वीजबिल मिळवतात. हे शहाणपणाचंच आहे, आणि त्यामागचं गणित आमचंच आहे.

तरी एक गोष्ट हातातून गेली, आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. व्होल्टमॉड करणाऱ्या पोराला कार्डाचा पॉवरचा भाग पाठ असायचा, आणि कार्डं फार वेळा मरतात ती तिथेच: मॉस्फेट शॉर्ट होतो, कपॅसिटर बसतो, खाऱ्या हवेने पाय हिरवा पडतो. आज लाखाच्या घरातलं कार्ड बंद पडलं की ते खोक्यात घालून मुंबई-पुण्याला पाठवायचं आणि वाट पाहत बसायचं. वॉरंटी संपली असेल तर ते बहुधा भंगारातच जातं. कणीएवढा एक भाग बदलून ते उठलं असतं, हे सांगणारा माणूस जवळपास नसतो.

म्हणून वाटतं, कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनात काय किंवा कुडाळ-कणकवलीच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात काय, वीस वर्षांपूर्वीची बंद कार्डं टेबलावर मांडावीत. पोरांच्या हातात मीटर द्यावा, आणि फीडबॅकचा पाय कुठला ते त्यांचं त्यांना शोधू द्यावं. वेग वाढवण्याची गरज संपली असेल, दुरुस्त करण्याची संपलेली नाही. आणि समुद्रकाठी राहणाऱ्यांची ती कधी संपणारही नाही.