भिडू पाहिजेत

माणसे जमवायची असतील तर काहीतरी काम काढावे, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत, आणि ते खोटे नाही. गणपती बसवायचा म्हटले की वर्गणीपासून विसर्जनापर्यंत माणसे आपोआप जमतात. भिशी असो, भजनी मंडळ असो, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची तक्रार असो. हेतू पक्का असला की माणसांना तोटा नसतो. तोटा पडतो तो नुसते गंमत म्हणून जमायचे असते तेव्हा. 'या, चार घटका खेळू. जिंकलो तर उत्तम, हरलो तरी चालेल,' असे कोणाला म्हणून पाहा. आपण विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला आलो आहोत अशा नजरेने तो आपल्याकडे बघू लागतो!

हा अनुभव मी २०२० च्या टाळेबंदीपासून घेत आहे. कॉलेजात मराठी शिकवून जो वेळ उरतो त्यात मी मोबाइलवरच्या एका खेळात टोळीचा म्होरक्या आहे. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली काढलेला 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा तो खेळ. घरात मुले असलेल्या वाचकांना तो समजावून सांगायला नकोच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने आपले एक गाव वसवायचे, तट बांधायचे, तोफा मांडायच्या आणि दुसऱ्याच्या गावावर चालून जायचे. एका टोळीत जास्तीत जास्त ५० माणसे. दोन टोळ्यांचे युद्ध लागले की एक दिवस तयारीचा आणि एक दिवस लढाईचा. प्रत्येकाला दोन हल्ले; गाव पुरते जिंकले तर तीन तारे. आमच्या शेजारचे पेन्शनर गृहस्थ अधूनमधून काळजीने विचारतात, ''यात पैसे लावता की काय?'' पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. आमच्या खेळात पैज नाही. जाते ती फक्त झोप.

टोळी काढली माझ्या भाच्याने, आणि म्होरकेपण घातले माझ्या गळ्यात. कारण मामा रागावत नाही. मग टोळीच्या पाटीवर दोन ओळी लिहायची वेळ आली. मी पुष्कळ खोडाखोड करून लिहिले : 'निवांत खेळ. शिवीगाळ नाही. हार पोटात घालणारे भिडू पाहिजेत.'

भाचा म्हणाला, ''मामा, ही लग्नाची जाहिरात वाटते रे.''

त्याचे म्हणणे अगदीच काही वावगे नव्हते. स्थळे यावीत तशी माणसे येऊ लागली. एकाचा पहिला प्रश्न, 'टाउन हॉल कितवा?' म्हणजे, पगार किती? दुसऱ्याने पाऊल टाकल्यापासून पाच मिनिटांत को-लीडरचे पद मागितले. तिसरा आला, इतरांकडून सैन्य मागून घेतले, आणि पंक्तीत जेवून हात धुण्यापूर्वीच निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा नाहीसा झाला. तरीही हळूहळू आम्ही पंधरा जण जमलो. भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे दोन मित्र, नागपूरचे साडू, रसायनशास्त्र शिकवणारे सहकारी, नाशिकला इस्पितळात रात्रपाळी करणारी माझी जुनी विद्यार्थिनी, जी पहाटे तीन वाजता हल्ला करते, अशीच आणखी काही मंडळी. आणि सांगलीची माझी मावशी, वय ६९.

मावशीचे गाव पाहण्यासारखे आहे. या खेळात जमिनीवर आपोआप झाडे-झुडपे उगवतात. खेळाडू ती तोडून जागा मोकळी करतात. मावशीने एक झाड तोडलेले नाही. टोळीतल्या कोणी सैन्य मागितले की मिनिटाच्या आत मावशीचे सैन्य त्याच्या दारात हजर. 'मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?' हा तिचा सवाल. मात्र स्वतः हल्ला करायचा म्हटला की तिचा हात पुढे होत नाही. ''अरे, त्यांनी हौसेनं एवढं मांडलेलं, आणि आपण जाऊन मोडायचं? मला नाही बाई जमत.''

यात अडचण होती ती हिशेबाची. या युद्धात पाच, दहा, पंधरा अशाच संख्येने उतरावे लागते. चौदा जण असले तर दहाच लढणार आणि चौघे हात चोळत बसणार. त्यामुळे पंधरावी म्हणून मावशीला घ्यावेच लागे, आणि तिचे दोन हल्ले तसेच पडून राहत. गेल्या श्रावणात एक युद्ध आम्ही एका ताऱ्याने हरलो, आणि भाच्याच्या मित्रांनी टोळीच्या गप्पांत सरळ लिहिले, 'मावशीआजींना काढा.'

मुले चुकत नव्हती. रात्र जागून ज्याने चढाई आखली त्याला एका ताऱ्याचे दुःख होणारच. निवांत खेळणे आणि कसेतरी खेळणे यांत फरक आहे, हे मीच त्यांना सांगत आलो होतो. शिवाय माणूस काढून टाकायला या खेळात एक बोट पुरते. ना नोटीस, ना सभा, ना ठराव.

त्या गप्पा मावशीही वाचत होतीच. तिने लिहिले, 'मी आपली बाजूला बसते. पोरांचा हिरमोड नको.'

ते वाचून मला सांगलीच्या वाड्याचे अंगण आठवले. मे महिन्याच्या सुटीत आम्ही दहा-बारा मावसभावंडे तिथे लपंडाव खेळत असू. मी सर्वांत धाकटा. मला कोणी भिडू म्हणून घेत नसे. मग मावशी पदराला हात पुसत बाहेर येई आणि म्हणे, ''त्याला लिंबूटिंबू घ्या.'' लिंबूटिंबू म्हणजे काय हे मराठी घरात सांगायला नको. तो खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो सापडला तरी बाद होत नाही. त्याच्यामुळे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. खेळाच्या नियमांत न बसणाऱ्या पोरासाठी आपल्या लोकांनी किती शहाणपणाची जागा करून ठेवली होती! मोबाइलमधल्या खेळाला डोके मोजता येते, तारे मोजता येतात. लिंबूटिंबूची जागा मात्र खेळणाऱ्यांनाच राखावी लागते. आणि ज्या टोळीत ती नाही, तिने पाटीवर 'निवांत' लिहू नये.

मी लिहिले, 'मावशी राहील.' त्याच रात्री भाच्याचे दोन्ही मित्र टोळी सोडून गेले. जायलाही एक बोटच लागते. भाचा राहिला, पण पुढे महिनाभर त्याच्याशी माझे संभाषण 'हो' आणि 'बरं' या दोन शब्दांवर चालले होते. आता आम्ही तेरा आहोत. दहा लढतात, तिघे पाळीपाळीने बसतात. मावशीलाही पाळी येते. त्या युद्धात आमच्याकडून हल्ले नऊ जणांचेच होतात, आणि बहुधा आम्ही हरतो. भाचा मध्यंतरी सांगलीला जाऊन आला. मावशीचा फोन घेऊन त्याने दोन तास खपून तिच्या गावाचा तट नव्याने मांडून दिला. झाडांना हात लावला नाही.

तेव्हा वाचकहो, पंधराला दोन कमी आहेत. भिडू पाहिजेत. टाउन हॉल कितवा, हे आम्ही विचारणार नाही. पहाटे उठण्याची सक्ती नाही. परीक्षा, पाहुणे आणि पापड यांसाठी रजा मिळेल. अट एकच. मावशीने सैन्य पाठवले की 'पोचले' एवढे कळवावे. ती वाट बघत असते.